घासलेले गोटे

ओढ्याची तब्येत पाहायची तर पाणी पाहू नये, गोटे उलटावेत. हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो आणि पुढे दिसेल त्याला शिकवत सुटलो. काम सोपं होतं. वाहत्या पाण्यात जाळी उभी धरायची, तिच्या वरच्या अंगाचे गोटे पायाने ढवळायचे आणि जाळीत अडकेल ते पांढऱ्या थाळीत ओतायचं. गोट्यांच्या पोटाला किडे चिकटलेले असतात. त्यातले काही फार नखरेल, पाणी जरा बिघडलं की आधी तेच नाहीसे होतात. ते थाळीत वळवळले म्हणजे ओढा धडधाकट. नसले तर कुणीतरी त्याची नासाडी केली, असं धरायचं.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी भैंसा गावाकडचा, शेतमजुराचा मुलगा, प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालो होतो आणि जंगलातल्या ओढ्यांच्या पाहणीवर हंगामी नोकरीला होतो. खिशात भिंग असे आणि त्याचा तोरा चेहऱ्यावर.

इंद्रवेल्लीच्या पुढे आत जंगलात कोलामांचा एक गुडा होता. दहा-बारा घरांची वस्ती, खालून ओढा. वरून हुकूम असा होता की ज्या वस्तीजवळचा ओढा खराब निघेल, ती वस्ती जंगल बिघडवते असं समजून सडकेला हलवायची. चांगला निघाला तर माणसं आहेत तिथेच राहतील. माझ्या एका तक्त्यावर ते ठरणार होतं. मला ते माहीत होतं आणि गुड्यालाही.

गुड्याचा म्हातारा नाईक वाटेवरच वाट पाहत उभा होता. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा.

"या साहेब, पाहा आमचा नाला," तो म्हणाला.

पाणी आरपार दिसत होतं. काठावर भिजल्या पाल्याचा ढीग नीट रचून ठेवलेला होता. गोटे पांढरेशुभ्र, हाताला शेवाळ लागत नव्हतं. पहिल्या थाळीत नुसती वाळू आली. वर सरकून दुसऱ्यांदा जाळी लावली, तिसऱ्यांदा लावली, तरी वाळूच. दर वेळी नाईक थाळीत वाकून पाही आणि त्याचा चेहरा खुले.

"काईच नाई ना साहेब?"

"काहीच नाही."

तो हसला. याला काय कळतंय, असं मला वाटलं. उन्हाळ्यात मासे गुंगवायला कुणी कुणी डोहात झाडाची साल कुटून टाकतात, हे मी ऐकून होतो. यांनी तेच केलं असणार, असं मी ठरवून टाकलं. त्या पाल्याच्या ढिगाबद्दल विचारावं असं मनात आलं होतं. पण सडकेपर्यंत तासाभराची चाल होती आणि चारनंतर बस नव्हती. काठावर बसूनच मी तक्त्यात लिहिलं, 'ओढा मृतप्राय.' शब्द बरा सुचला म्हणून खूश झालो. नाईकाने निघताना मोहाची फुलं बांधून दिली, ती मी घेतली.

दीड-दोन वर्षांनी त्याच सडकेने जाताना बस पाणी घ्यायला थांबली. टिनाच्या घरांची एक ओळ, पुढे हापसा. हापशावर नाईक होता. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. तांब्या भरून माझ्या हातात दिला. पाण्याला लोखंडाचा वास होता.

"साहेब, एक गोष्ट इचारू काय? राग नका मानू."

"विचारा."

"जंगलचा शिपाई सांगून गेला व्हता, साहेब मुआयना कराले येऊन राह्यले, नाला साफ ठेवा म्हून. आमी तीन दिस लागलो. बायामानसं, सारा गुडा. पाला काढला, एकेक गोटा उलथून राखेनं घासला. किडेबी येचून फेकले. मंग कोठं कमी पडलं आमचं?"

मी तांब्या खाली ठेवला. आमच्या घरी गुरुजी यायचे म्हटलं की आई आदल्या दिवशी सगळं घर सारवून काढी, अंगणातला दगडसुद्धा धुई. साहेब येणार म्हटल्यावर गरिबाचं घर कसं दिसतं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मी बस जाऊ दिली आणि नाईकाला सगळं सांगितलं. किडे म्हणजेच ओढ्याचा जीव, ते दिसले असते तर चांगलं लिहिलं असतं, हेही सांगितलं. तो हापशाच्या ओट्यावर बसून ऐकत होता.

"म्हंजे आमी काईच नसतं केलं, तं तेथंच राह्यलो असतो?"

"हो."

त्याने मी खाली ठेवलेला तांब्या उचलून विसळला. मग रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून त्याने विचारलं,

"मंग तवाच काऊन नाई इचारलं, साहेब? आमी सांगितलं असतं ना."

"चारची बस चुकली असती," मी म्हणालो.