पुढच्या सीटवरचा हर्रास

ये गं पोरी, अशी जवळ सरक. लांबून काय वाचतेस, परक्याचं पत्र वाचल्यासारखं! आधी तुझा कान धरायचा आहे मला. लेकरू दीड वर्षाचं झालं आणि अजून नागपूरचं तोंड बघितलं नाही त्यानं. कारण विचारलं तर म्हणे, "मावशी, विमानात रडलं तर लोक कसे बघतात गं!" बघू दे की. डोळे आहेत त्यांना, बघतील. तुझी आई तुला एसटीच्या मागच्या सीटवर घेऊन नरखेडला यायची. तू काटोल ते नरखेड अखंड रडायचीस आणि आख्खी बस तुझ्या पायाला गुदगुल्या करायची. तर आता मुकाट्यानं बस आणि आमच्या इवायांची गोष्ट ऐक. आमच्याकडे व्याह्यांना इवाई म्हणतात, आणि विहिणीला इहीन. हे माझ्या लेकीचे सासरे. बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही. शहाणपण मिळालं नाही तरी हसू मिळेल.

शांततेसाठी इतका जीव टाकणारा आणि स्वतः इतका गोंगाट करणारा माणूस आमच्या इवायांशिवाय विदर्भात दुसरा झालेला नाही, हे मी शपथेवर सांगते. चाळीस वर्षं कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे अडते. सकाळी ढिगावर उभे राहून हर्रास बोलायचे, म्हणजे मालाचा लिलाव पुकारायचे, तर बाजाराबाहेरच्या टेम्पोवाल्यांना कळायचं की आज कोणत्या गावचा माल आला. नरखेडच्या बागायतदाराशी ते फोनवर बोलतात तेव्हा मला नेहमी वाटतं, मध्ये तो फोन कशाला? पण दुपारी घरी आले की जेवून आडवे होणार, आणि मग घरात टाचणी पडायची सोय नाही. एक ते तीन कुकरची शिट्टी वाजता कामा नये, हा कायदा. त्यांची बायको बिचारी वरण शेजारी नेऊन शिजवून आणायची. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, "काहून वं, गॅस संपला का?" तर ही म्हणाली, "नाही, मालक झोपून राहिले." आणि झोपलेल्या मालकांचं घोरणं ह्या दोघींना शेजारच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

त्यांचा दुसरा छंद अर्जाचा. गडरलाइन, म्हणजे गटार तुंबलं, अर्ज. खांबावरचा दिवा लागला नाही, अर्ज. दिवा लागला पण डोळ्यांवर येतो, पुन्हा अर्ज. प्रत्येक अर्जाखाली वीस-पंचवीस सह्या, आणि सह्या घ्यायला येताना हातात संत्र्यांची पिशवी. ते गोड फळ तोंडात असताना नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्या जावयानं, म्हणजे इवायांच्याच लेकानं, एक चूक केली. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून पाय लांब करता यावेत ह्या भल्या हेतूनं बंगळुरूला, लेक-जावयाच्या घरी, जायचं तिकीट त्यानं पुढच्या महागड्या सीटचं काढलं. झालं! वाघाच्या तोंडाला रक्त लागलं म्हण. परत आले ते वेगळेच इवाई आले. "इहीनबाई, पडदा असते तिथं. मधात पडदा! इकडे आपण, तिकडे पब्लिक." हवाईसुंदरीनं चिमट्यानं गरम रुमाल दिला तोंड पुसायला. ह्यांनी तो गुडघ्यावर ठेवला आणि आणखी चार मागवले. प्रवासभर गुडघा शेकत होते. "फिजिओथेरपीवाल्यापेक्षा बरी सोय," असा अभिप्रायही वहीत लिहून आले. त्यानंतर मागच्या सीटवर त्यांचं बूड टेकेना. जो माणूस जन्मभर टेम्पोत क्रेटवर बसून फिरला, तो आता विचारू लागला, "मागं बसून लोक जातात तरी कसे?"

आणि तिसऱ्या की चौथ्या फेरीत त्यांच्या त्या पडद्याआडच्या स्वर्गात एक लेकरू रडलं. कोणाचं होतं देव जाणे. नागपूर येईपर्यंत रडलं म्हणतात. इवाई घरी आले ते बूट न काढता अर्जच लिहायला बसले. मला मग समजावून सांगत होते, "शांतता पैसे देल्ल्याबिगर भेटत नाही, इहीनबाई. मी पैसे देल्ले. मंग ते पोट्टं काहून रडते तिथं? आता मले सांगा, आपण संत्र्याचा ढीग लावतो. बारका माल वरतं मांडतो का?"

"नाही," मी म्हटलं, "तुम्ही तो खाली दडवता."

"तेच तर म्हणून राहिलो ना मी! मागं ठेवा."

खरं सांगू? मलाही लेकराच्या रडण्यानं डोकं उठतं. मी तीन वाढवलीत, मला कोणी शिकवू नये. पण लेकराचे कान दुखतात गं विमान वर चढताना, आणि त्याला अर्ज लिहिता येत नाही. मोठी माणसं त्याच पुढच्या सीटवर बसून फोनवर सगळ्या गावाला धंद्याच्या गोष्टी ऐकवतात, त्यांना कोणी म्हणत नाही मागं जा. तिकीट थोडं जास्त काढलं की माणसाला वाटतं हवासुद्धा आपण विकत घेतली.

पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. त्या दिवशी काय झालं, तर इवाई पिशवी घेऊन दारात उभे. "इहीनबाई, एक सही." आता माझ्या आईनं मला एकच गोष्ट शिकवून ठेवलेली, लेक दिली त्या घरचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. इवायानं पाणी मागितलं तर सरबत द्यावं, सही मागितली तर वाचत बसू नये. मी चष्मा शोधत होते. त्यांनी बोट ठेवलं, मी सही केली. मला वाटलं गडरलाइन असेल. चांगली ठसठशीत केली, कळमन्याच्या सगळ्या अडत्यांच्या वर.

आणि हा अर्ज त्यांनी विमान कंपनीला पाठवला तो पाठवला, वर त्याचा फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. कौतुक व्हावं म्हणून!

पाच मिनिटांत माझ्या लेकीचा फोन. तिची मुलगी, म्हणजे इवायांची आणि माझी एकुलती एक नात, तेव्हा नऊ महिन्यांची. संक्रांत तोंडावर आलेली, नातीचं बोरन्हाण नागपूरला करायचं ठरलेलं, आणि लेकीनं तिकिटं काढलेली ती नेमकी पुढची. तिची कंबर बाळंतपणापासून धरलेली, आणि तिकीट तिनं स्वतःच्या कमाईतलं काढलं होतं.

"आई, वाचू का? 'विषय : विमानाच्या पुढील भागात रडक्या बालकांस प्रवेश न देणेबाबत.' आणि खाली पहिली सही कोणाची आहे?"

मी म्हटलं, "अगं, मला वाटलं गडरलाइन..."

"तुझी नात गडरलाइन आहे का? राहू दे मग. आम्ही येतच नाही. उशी ठेवा पाटावर आणि तिच्या डोक्यावर ओता बोरं."

तिनं तिकिटं रद्द केली. जावई मधे पडला नाही. शहाणा आहे.

आता बोरन्हाण म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, पण ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. लेकराला काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. गल्लीतली पोरं त्यावर तुटून पडतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच करायचं. इवायांनी ह्याची तयारी लग्नासारखी केली होती. वर त्यांना नातीच्या डोक्यावर संत्रीही ओतायची होती. मी ओरडले तेव्हा म्हणाले, "बारकी पाहून आणतो ना!" आख्ख्या बाजाराला निमंत्रण गेलं होतं. आणि आता उशी.

तीन दिवस इवाई गप्प. हर्रासही मुनीम बोलला. बाजारात बातमी पसरली की त्यांना लकवा मारला, दोन माणसं तर हार घेऊनच बघायला आली. मी समजूत घालायला म्हटलं, "पुढच्या वर्षी करू, पाच वर्षांपर्यंत चालतं." तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या सालचा बहार कोणं पाह्यला, इहीनबाई? मी चौऱ्याहत्तरचा हाओ." मीही काही सोळाची नाही.

मग आम्ही दोघं अपराधी बंगळुरूला गेलो. गुपचूप, मागच्या सीटवर बसून. लेकीनं दार उघडलं, चहा दिला, आणि निकाल सांगितला. "बाबा, मी येते. पण ती तुमच्या मांडीवर बसेल, पुढे. मी मागे जाऊन झोपते, नऊ महिन्यांची झोप बाकी आहे माझी. आणि आई, सही केलीस ना? तूही पुढेच बस."

इवाई म्हणाले, "आन् रडली त?"

"तर अर्ज लिहा."

अशी मी जन्मात पहिल्यांदा पडद्याआड बसले, शिक्षा म्हणून. विमान पळायला लागलं तोवर नात आजोबांच्या मिशीशी खेळत होती. वर चढलं आणि तिनं जो टाहो फोडला! बाटली फेकली, खुळखुळा फेकला, माझं "अले ले ले" फेकलं. इवायांना घाम फुटला. गरम रुमाल आला, त्यांनी तो स्वतःच्या कपाळावर ठेवला. पलीकडे एक कोट घातलेले साहेब होते. त्यांनी घंटी दाबली आणि हवाईसुंदरीला विचारलं, "यहाँ छोटे बच्चे अलाउड हैं क्या?"

शब्द न शब्द इवायांचा अर्ज! मी इवायांकडे बघितलं. ते साहेबांकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा, जसं कोणी त्यांचाच माल त्यांना सडका म्हणून दाखवलाय. लेकराला खांद्यावर टाकलं, उभे राहिले, आणि दुसरं काहीच येत नसल्यामुळे जे येत होतं ते सुरू केलं.

"बोलाऽऽ! नरखेडचा माऽऽल! पातळ साऽऽल! गोड, गोड, गोऽऽड! कोण बोलते? घ्या होऽऽ!"

नात गप्प. एकदम गप्प. तोंड उघडं, डोळे मोठे, जणू ढिगासमोरचं गिऱ्हाईकच. हवाईसुंदरी धावत आली, "सर, प्लीज, बसा," म्हणाली. हे पट्टा बांधून बसले, आवाज खाली केला, तर लगेच नातीचा ओठ थरथरला. पुन्हा "काटोलचा माऽऽल!" पुन्हा गप्प. पुढचा तासभर ह्या गृहस्थानं विमानात वरुडचा, मोर्शीचा, कळमेश्वरचा, होता नव्हता तेवढा सगळा माल विकला. नात त्यांच्या छातीवर गाढ झोपली. बाकी विमानात झोपलेलं कोणी असेल तर ती माझी लेक, शेवटच्या रांगेत.

उतरताना ते कोटवाले साहेब वाट अडवून म्हणाले, "अंकल, बच्चों का तो ठीक है. दादा लोगों पर बॅन लगना चाहिए."

इवाई गंभीरपणे म्हणाले, "अर्ज करा. मी सही देतो."

बोरन्हाण झालं, दणक्यात झालं. संत्री डोक्यावर नाही ओतू दिली मी, पाटाभोवती मांडली. पण इवाई बदलले, असं समजू नकोस. माणसं एवढ्यानं बदलत नाहीत. त्यांनी कंपनीला दुसरा अर्ज पाठवला, मागील अर्जात अंशतः दुरुस्ती करणेबाबत : आजोबा सोबत असल्यास बालकास पुढे बसू द्यावे. ह्या वेळी मी चष्मा लावून, वाचून सही केली. आणि आजीचं नाव नाही म्हणून भांडून ते घालायला लावलं.

आता लेक, जावई, नात परत बंगळुरूला. नात चालायला लागली, फोनवर "माऽऽल" म्हणून ओरडते. तो तिचा पहिला शब्द, आई-बाबा नंतर आले. घसा बसल्यामुळे डॉक्टरांनी इवायांना हर्रास बंद करायला सांगितलाय. गेल्या महिन्यात ते नातीला भेटून एकटेच परत आले, पुढच्या सीटवर. मी विचारलं, "कसा झाला प्रवास? कोणी रडलं नाही ना?"

"कोणी नव्हतं," म्हणाले. "पडद्याच्या इकडे मी एकटाच. लय शांत होतं." मग पिशवीतून एक संत्रं काढून सोलायला लागले. बराच वेळ सोलत होते. "झोप नाही लागली, इहीनबाई."

तर बाई गं, आता तरी ऊठ आणि तिकीट काढ. पुढचं काढ, मागचं काढ, तुझ्या कंबरेला सोसेल ते काढ. कोणी बघितलंच, तर तूही त्याच्याकडे बघ. विमानतळावर तुला घ्यायला आमचे इवाई येतील, मी सांगून ठेवलंय. आवाज आता पूर्वीसारखा चढत नाही त्यांचा, पण एका लेकरापुरता आहे अजून. बहार आहे तोवर ये. आणि रडत असलं तरी लेकरू घेऊन ये.