जिवंत पेशींची गाडी

रक्त गोळा करायला गावोगाव फिरलं की रक्तापेक्षा किस्सेच जास्त जमतात! आमचं संशोधन असं: कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी पुढं हृदयालाच त्रास देतात का? त्यासाठी उपचार झालेल्यांचं रक्त दोनदा घ्यायचं आणि पेशी जिवंत असतानाच सोलापूरच्या लॅबमध्ये पोचवायचं. दुसरं रक्त नाही, तर पहिलंही वाया!

अणदूरच्या सोजरबाईंनी पहिल्याच वेळी आमच्या डॉक्टर मॅडमना अडवलं. "ह्याचा मला काय फायदा?"

मॅडम खोटं बोलत नाहीत. "तुम्हाला काहीच नाही, मावशी. पुढं ज्यांना हा आजार होईल, त्यांना कदाचित."

"म्हंजी कुणाला?"

"ते आज कसं सांगू?"

बाईंनी जरा विचार केला आणि हात पुढं केला.

*

दुसऱ्या फेरीला अणदुरात चिटपाखरू नाही! तिथला खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गला मुक्कामाला जातो, आणि नेमका तो तिकडं गेलेला. ओट्यावरचे एक आजोबा म्हणाले, "देवच न्हाय गावात, मान्सं कशाला ऱ्हातील?"

"मग चला देवामागं!" मॅडम म्हणाल्या. भंडाऱ्यानं पिवळे झालेले हात पुसता पुसता माझा सगळा कापूस संपला.

*

रक्त घेऊन नळदुर्गच्या ढाब्यावर जेवायला थांबलो. गाडी उन्हात, म्हणून रक्ताच्या नळ्यांचा डबा ढाबेवाल्या अण्णांना सावलीत ठेवायला दिला. त्यांनी प्रेमानं थेट डीप फ्रीजमध्ये ठेवला!

"दूध टिकतंय, मग रक्त टिकंना व्हय?"

गोठलं की आमच्या पेशी मेल्या. मला रडूच आलं. मॅडमनी ताट सारलं. "उठा. परत घेऊ."

*

परत मागायला तोंड कुठं होतं? तरी नळदुर्गात मंडळी जिथं जिथं उतरली होती, तिथं दारोदार गेलो. एक काका म्हणाले, "पयलं सांडलं काय?"

"गोठलं, काका."

"माझं न्हाय गोठायचं. लई तापट हाय म्या!" बायकोनं आतून जोरात दुजोरा दिला.

*

सोजरबाईंनी रक्त दिलं आणि सरळ गाडीत येऊन बसल्या. "डबा हिकडं द्या. तुमच्या भरवशावर न्हाय सोडत आता." गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला.

पाणी घ्यायला त्याच ढाब्यावर थांबलो. बाई उतरल्याच नाहीत. अण्णा पिठलं-भाकरी घेऊन गाडीपाशी आले. गोधडी दिसताच त्यांनी आवाज हळू केला.

"मावशी, लेकरू कुणाचं?"

सोजरबाईंनी गोधडीची कड नीट केली.

"अजून ठाऊक न्हाय," त्या म्हणाल्या.