रेसिफेचा बोंडू

लेक रेसिफेला राहायला जाणार हे कळलं, तेव्हा मी नकाशा उघडून बसलो. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे जावयाचं गाव. एकुलती एक पोर, जन्म इथला, अमेरिकेतला, नोकरी बेलव्ह्यूला, आणि आता परमुलखात निघाली. आम्हीही तरुणपणी तेच केलं होतं, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती.

त्याच सुमारास इकडे आमच्या अ‍ॅशबर्नला माझं डायलिसिस सुरू झालं. दिवसाआड बायको गाडी काढते, मला सेंटरला नेते आणि तिथे मला यंत्राला जोडतात. लेकीला कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. कळलं असतं तर तिनं सगळं कॅन्सल केलं असतं. आमच्या आईवडिलांनीही फोनवर आम्हाला कायम ‘इकडे सगळं ठीक’ एवढंच सांगितलं. तीच घराण्याची रीत.

यंत्राशेजारी पडल्यापडल्या मी ते गाव वाचत गेलो. किनाऱ्यालगत समुद्रात खडकांची लांब रांग, तिच्या आडोशाला बंदर. गावाचं नावही त्या खडकांवरूनच पडलेलं. नद्या, बेटं, पूलच पूल. पोर्तुगीजांनी उसाचे मळे लावले, आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली आणि त्यांत राबवली. मध्येच डच येऊन काही वर्षं मालक होऊन बसले. जिथून साखर बोटीत चढायची, त्या जुन्या बंदरात आता कॉम्प्युटरवाल्यांची ऑफिसं आहेत. लेकीचंही तिथेच. आणि काजू! मी वेंगुर्ल्याचा, काजू आमचाच अशा तोऱ्यात वाढलेलो. तो मूळचा तिकडचा, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आमच्याकडे आलेला. मला त्या गावाचा लळाच लागला.

लेक दर फोनला म्हणायची, “बाबा, तिकिटं बुक करते, या ना.” डॉक्टरांनी एवढ्या प्रवासाला साफ नाही म्हटलेलं. मग मी गावाला नावं ठेवायला लागलो. उकाडा फार, समुद्रात शार्क, भरतीला रस्त्यावर पाणी. वाचलेलं सगळं निमित्ताला कामी आलं.

परवा मी यंत्रावर असतानाच तिचा व्हिडिओ कॉल आला. मी माझा कॅमेरा बंद ठेवला. तिच्या हातात लालभडक बोंडू होता, खाली काजूची बी लोंबणारा.

“बाबा, गेस व्हॉट! मार्केटमध्ये मिळाला. तुम्ही लहानपणी झाडावर चढून खायचात ना? इथे याचा ज्यूस पितात. प्लीज या.”

नुसता बघूनच तो तुरट-गोड रस माझ्या जिभेवर आला.

“त्यात काय एवढं? वेंगुर्ल्याला आम्ही बोंडू गुरांना घालायचो,” मी म्हणालो.

तिनं हातातला बोंडू खाली घेतला. मग म्हणाली, “यू जस्ट हेट इट हिअर. मी इथे राहते हेच तुम्हाला आवडत नाही.” तिचा आवाज भरून आला होता. शेजारी बसलेल्या बायकोनं मान खाली घातली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा.

“तसं नाही गं.”

“मग कसं, बाबा?”

तेवढ्यात यंत्र पीं पीं करायला लागलं. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी घाईनं माइकही बंद केला. पडद्यावर ती बोंडू हातात धरून माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.