दम धरा, त्यो येतोय

“दम धरा मंडळी, दम धरा. त्यो येतोय.”

असं लोकांना बजावणाऱ्या माणसाला स्वतःला मात्र घडीभर दम निघत नसे. भोरच्या आमच्या पत्र्याच्या थेटरात ते पडद्याच्या डाव्या अंगाला उभे असत. हातात वेताची काठी, भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर, आणि अंगाचा भार सारखा या पायावरून त्या पायावर. मालकांनी त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं. त्या स्टुलावर ते बसलेले मी कधी पाहिले नाहीत. त्यावर त्यांची पिशवी बसायची.

त्यांना सगळे ‘सांगणारे’ म्हणत. आता हे काम काय, ते तुम्हाला सांगायला हवं. सत्तर सालाच्या आगेमागे आमच्याकडे जपानी राक्षसांचे सिनेमे यायला लागले. समुद्राच्या तळातून डोंगराएवढं जनावर उठतं, शहरात शिरतं, विजेचे खांब उपटतं, आगगाडी काकडीसारखी मोडतं, आणि मग फौज तोफा घेऊन येते. चेहरे जपानी, बोलणं इंग्रजी आणि बघणारे आम्ही. पडद्यावरच्या माणसानं तोंड मिटलं तरी त्याचा आवाज चालूच राही. आमच्या वकील-मास्तर मंडळींनाही त्यातलं फारसं कळत नसे, पण ते कळल्यासारखे हसत. बाकीच्यांसाठी सांगणारे होते.

ते गोष्ट आपल्या मुलखात आणून सोडत. चष्मेवाला जपानी शास्त्रज्ञ दिसला की काठी त्याच्यावर जाई. “हे तात्या. लई शिकल्यालं. ह्यांनी समद्यांना सांगितलंय, पाण्यात कायतरी हाय म्हून. पर ऐकतंय कोन?” टोपीवाला अधिकारी आला की, “हे मामलेदार. ह्यांचं म्हननं, आदी अर्ज करा.” अख्खं थेटर खदखदायचं.

या सिनेमांची एक खोड होती. राक्षस लवकर येत नसे. अर्धा सिनेमा माणसं नुसती टेबलाभोवती बोलत बसत. आमचं पब्लिक शिट्ट्या मारी, शेंगांची टरफलं पडद्यावर फेकी. तिथे सांगणाऱ्यांची खरी करामत दिसे. समुद्राचं पाणी जरा हललं की ते आवाज खाली आणत. “बगा. वारा न्हाई, आन् पानी हलतंय.” एवढ्यावर बायका पदर तोंडाशी धरत. प्रत्यक्ष राक्षस येई तेव्हा खरं सांगू, तो त्यांच्या सांगण्यापेक्षा लहानच वाटायचा.

मी त्या थेटरचा पेंटर. एरवी दुकानांच्या पाट्या आणि हायवेवर कापूरहोळच्या गॅरेजांवर ट्रकांचे नंबर रंगवायचो. सिनेमाचे बोर्ड मी रंगवी ते सिनेमा न बघताच. सांगणारे माझ्यामागे उभे राहून वर्णन करत आणि मी काढत जाई. “पेंटर, शेपूट लांब घ्या. डोळं असं न्हाई, देवीवानी मोठं करा.” माझा राक्षस शेवटी मोठ्या डोळ्यांची घोरपड होई, आणि ती गावात इतकी लोकप्रिय झाली की त्या शिमग्याला कुणीतरी गोणपाटाचं शेपूट लावून तेच सोंग काढलं. दारं खडखडवत येणाऱ्या एका जुन्या एसटीला लोक ‘जपानी’ म्हणू लागले. “जपानी गेली का?” असं भर स्टँडवर विचारलं तरी कुणाला नवल वाटत नसे.

पण बोर्ड रंगवताना मला त्यांचा जाच व्हायचा. ते एका जागी ठरतच नसत. दारापर्यंत जात, रस्त्यावर बघत, परत येत. चहा मागवला तर निम्मा पिऊन कप फळीवर ठेवून निघून जात. एकदा मी चिडून म्हणालो, “अहो, जरा टेका की. तुमच्यानं माझा ब्रश हलतोय.”

“टेकलो की इचार येतो पेंटर,” ते म्हणाले आणि पुन्हा दाराशी गेले.

तो विचार कसला ते मला हळूहळू कळलं. त्यांचं गाव वेल्ह्याच्या बाजूला, नदीकाठाला. खाली खोऱ्यात धरण होत होतं आणि त्या पावसाळ्यात पाणी अडवणार होते. गाव बुडणार होतं. बाकीच्यांनी घरं उतरवून लाकूडफाटा लांबच्या नव्या वसाहतीला नेला होता. यांची म्हातारी आई तेवढी एकटी मागे होती आणि हलायला तयार नव्हती. दर आठवड्याला हे एसटीनं जात, तिला विनवत आणि त्याच गाडीनं परत येत.

“काय म्हणाल्या?” मी विचारी.

“काय म्हननार? ‘बगू’ म्हनती.” मग कपाळावर हात मारून म्हणत, “आवो, हितं म्या रबराच्या भुतानं लोकांना घाबरवतुया. आन् माजी आई खऱ्या पान्याला भीत न्हाई.”

यात मला तेव्हा हसू आलं होतं. त्यांना आलं नाही.

मग वैशाखात एक नवा सिनेमा आला. या वेळचा राक्षस समुद्रातला नव्हता, तळ्यातला होता. काठावरच्या गावाला एक म्हातारा कोळी आधीपासून सांगत असतो की निघा, आणि गाव ऐकत नाही. सांगणाऱ्यांच्या डोक्यात आलं, हा आईला दाखवायचा. आपलं ऐकत नाही, सिनेमाचं तरी ऐकेल. त्यांनी मला सुचवलं, बोर्डावर तळ्यात बुडालेलं एक घर काढा. मी काढलं, कौलं थोडी पाण्याबाहेर ठेवून. ते बघून ते लगेच दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

दुपारच्या खेळाला ते आईला घेऊन आले. विटकं लुगडं, कपाळावर कुंकवाच्या जागी मोठं गोंदण, काटक बाई. त्यांनी पिशवी उचलली आणि स्वतःच्या स्टुलावर तिला बसवलं. मी जवळच भिंतीला टेकून उभा होतो. बोर्डाचा रंग अजून बोटांना होता.

त्या दिवशी सांगणारे सांगत होते ते थेटराला नव्हेच. काठी पडद्यावर आणि नजर स्टुलावर. “ह्यो कोळी दारोदार हिंडतोय. म्हनतोय, आवरा, निगा. पर मानसं म्हनत्यात, बगू.” हा ‘बगू’ त्यांनी असा म्हटला की मला म्हातारीकडे बघावंसं वाटेना. ती शेंगा सोलून खात शांत बसली होती.

तळ्याचं पाणी हललं. “दम धरा. त्यो येतोय...” आणि तो आला, चिखल निथळत, हात पसरून, शेपूट आपटत. मागच्या बाकांवर कुणीतरी किंचाळलं.

तेवढ्यात स्टुलावरून खणखणीत आवाज आला. “आरं, मानूस हाय की आत! गुडगं बगा की त्येचं. सोंग घेतलंय मेल्यानं.”

जत्रेतली सोंगं बघत जन्म गेलेली बाई ती. तिला चालीवरून ओळखू आलं. थेटर असं हसलं की पत्रे वाजले. मीही हसलो, हसू आवरेचना. सांगणाऱ्यांची काठी खाली आली. एवढा जीव लावून आणलेला राक्षस त्यांच्या डोळ्यांदेखत हास्यास्पद झाला होता. त्यानंतर त्यांनी पुढचं कसंबसं सांगितलं.

आणि नेमका शेवटच्या रिळाचा डबा आलेला नव्हता. हायवेवरच्या दुसऱ्या एका थेटराशी आमच्या मालकांची वाटणी होती. तिकडे रीळ चालून झालं की त्यांचा माणूस कापूरहोळमार्गे आमच्याकडे आणून देई. तो त्या दिवशी कुठल्यातरी धाब्यावर गप्पांत अडकला. इकडे पडदा पांढरा झाला. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके त्यावर पडले. लोक ओरडायला लागले. “सांगा! पुढं काय झालं ते तोंडानं सांगा!”

मालकांनी त्यांना खूण केली. ते पांढऱ्या पडद्यासमोर आले. आता तोफा धडाडणार असं सगळ्यांना वाटलं.

“त्यो वरडत येत न्हाई,” ते म्हणाले. आवाज अगदी खाली होता. “त्येला शेपूट न्हाई, गुडगं न्हाईत. आदी वडाखालची पायवाट जाती. मग खळं. मग गोठ्यात वल येती. रातीतनं उंबऱ्याला लागतं. आन् सकाळी आपलं मानूस आत हाय का भाईर, त्ये इचारायलाबी कोन ऱ्हात न्हाई.” मग त्यांनी थेटरावरची नजर काढली आणि सरळ स्टुलाकडे वळून हात जोडले. “आये, पाया पडतो तुज्या. ऊठ आता तितनं.”

कुणी हसलं नाही. म्हातारीनं मांडीवरची टरफलं झटकली.

“मला काय हे नवं सांगतूस? पानी येनार ते मला तुज्या आदी कळलंय. धरनवाल्यांनी वडाखाली मोजनीच्या खुंट्या ठोकल्या तवाच. पर घर उतरवायला हात लागतो न्हवं? छपराच्या आढ्याला पयला हात घरच्या लेकाचा लागतो. त्यो लागल्याबिगर दुसरं कोन शिवत न्हाई, तुला ठावं न्हाई व्हय? तू येतूस, अंगनात उबा ऱ्हातूस, चल चल करतूस. येष्टीनं हारन दिला की पळतूस. कवा आत येऊन बसलास? कवा मान वर करून आढ्याकडं बगितलंस?”

सांगणाऱ्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

“बाऽनं खांद्यावर आनल्यालं आढं हाय ते, आये. माज्याच्यानं न्हाई काडवत.”

“मग काय म्या काडू?”

ती हे रागानं म्हणाली नाही. खरोखर विचारल्यासारखं म्हणाली. इतके दिवस मी त्या बाईला हट्टी समजत होतो. ती हटून बसली नव्हती. मुलानं एकदा घरात येऊन बसावं, एवढ्यासाठी ती पाण्याच्या तोंडाशी थांबली होती.

सांगणाऱ्यांनी काठी पडद्याला टेकवून ठेवली. पिशवी खांद्याला लावली, आईचा हात धरला. दाराशी जाऊन वळले, “मंडळी...” म्हणाले, आणि तिला घेऊन बाहेर पडले. थोड्या वेळानं रीळ आलं. फौजेनं राक्षस मारला. न सांगता मारलेला तो राक्षस बघायला निम्मे लोकसुद्धा थांबले नाहीत.

त्यानंतर ते थेटरात आले नाहीत. पुढचा जपानी सिनेमा आला तेव्हा मालक मला म्हणाले, “तू इतकं ऐकलंयस, तू सांग.” मी काठी घेऊन उभा राहिलो. पाणी हललं, मी “दम धरा” म्हणालो, आणि थेटर हसायला लागलं. माझं चुकत होतं असं नाही. माझं काही त्या पाण्याखाली नव्हतं, आणि लोकांना ते कळत होतं. मी काठी ठेवून दिली. मग सिनेमे तसेच मुके चालले, आणि हळूहळू यायचे बंद झाले.

त्याच वर्षी, मृग तोंडावर आला असताना मी कापूरहोळच्या फाट्यावर एका ट्रकचा नंबर रंगवत होतो. दुसरा एक ट्रक चाकात हवा भरायला थांबला. मागे घराचा संसार भरलेला. दारं, चौकटी, कौलांच्या थप्प्या, खुराड्यात कोंबड्या. सगळ्याच्या मधोमध एक लांबलचक जुनं आढं, धुरानं काळं झालेलं, दोरखंडानं आवळलेलं. म्हातारी गोधड्यांवर बसली होती. आणि त्या आढ्यावर, दोन्ही बाजूंना पाय सोडून, सांगणारे बसले होते.

मी ब्रश तसाच हातात घेऊन धावलो. “निघालात?”

“व्हय. लांब, पार भीमंच्या काठाला.” त्यांनी आढ्यावर थाप मारली. “पेंटर, आख्खं उतरलं बगा. कुटं चीर न्हाई. बाऽनं काय लाकूड निवडलं हुतं!”

मफलर नव्हता. पाय हलत नव्हते. ट्रक सुरू झाला, सासवडच्या रस्त्याला वळला, आणि वळणावर मला वाटलं आता ते सवयीनं उभे राहतील, इकडे-तिकडे बघतील. मी धुरळा खाली बसेपर्यंत बघत उभा होतो. ते बसूनच होते.