ब्लॉगखाली विचारलेले प्रश्न

वर्गाच्या ब्लॉगमुळे मुलांचं लेखन सुधारतं, असं माझे यजमान म्हणायचे तेव्हा मी हसायची. मी हिंगोलीत एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ते जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या पुढच्या एका खेड्यात, शाळेत सहावी-सातवीला शिकवायचे. लेखन वाचनाने सुधारतं, मोबाइलवर चार ओळी टाकून कुणी लेखक होत नाही, असं मी त्यांना एकदा ऐकवलं होतं.

"लेखक कुणाला करायचंय?" ते म्हणाले. "ऊसतोडीला गेलेल्या लेकरांना इथलं दिसावं, आणि इथल्यांना तिकडचं. एवढंच."

दिवाळी झाली की गावाशेजारच्या तांड्यावरची निम्मी मुलं आईबापांसोबत ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची. तोवर वर्गात त्यांच्या जागा तशाच मोकळ्या. ब्लॉग त्या मोकळ्या जागांसाठी होता. नियम एकच. एकाने लिहायचं, आणि जो तिथं नव्हता त्याने खाली एक तरी प्रश्न विचारायचा. 'छान', 'खूप सुंदर', जोडलेले हात चालायचे नाहीत. मग उत्तर मजकुरात घालून लिहिणाऱ्याने तेच पुन्हा लिहायचं. ते स्वतः एक शब्दही दुरुस्त करत नसत. मला ते आळसाचं लक्षण वाटायचं.

मुख्याध्यापक चेष्टा करायचे. "गुरुजी, साहेबलोकांना फोटो लागतात. तुमच्या ब्लॉगवर नुसते पंचनामे."

"पंचनामाच शिकवून राहिलो, सर," हे म्हणायचे आणि घरी येऊन मला सांगताना पुन्हा हसायचे.

सातवीतल्या एका मुलीने तिकडून पहिल्यांदा लिहिलं ते मला आठवतं. "आम्ही कोपीत राहतो. इथे खूप ऊस आहे. मला शाळेची आठवण येते." खाली गावातल्या पोरांनी विचारलं, कोपी कशाची? दार कुणीकडं? दाराला कडी आहे का? चार दिवसांनी बापाचा फोन पुन्हा तिच्या हाती लागला तेव्हा तिने लिहिलं: "कोपी उसाच्या पाचटाची आहे. दार न्हाई म्हणून आई खताचं पोतं लावती. पोतं उलटं लावलंय. मी आडवी पडून मान वाकडी करून त्याच्यावरची अक्षरं वाचते. इथं वाचायला तेवढंच आहे."

यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी वाचून परत दिला आणि "बरं आहे," म्हणाले. खरं म्हणजे मला हेवा वाटला होता. इतकी वर्षं पुस्तकांत घालवून असं एक वाक्य माझ्या हातून उतरलं नव्हतं.

ते गेले त्या सकाळी मी ओट्याशी उभी राहून वाचत होते. चहा उतू जाऊ नये म्हणून एक डोळा गॅसवर, दुसरा पुस्तकावर. ते खुर्चीत बसून म्हणाले, "छातीत कसंतरीच होऊन राहिलं."

"कालची भजी," मी म्हणाले. "ओवा खा."

मान वर केली नाही. ओव्याची बरणी डाव्या हाताने सरकवली. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला, थोडा कागदात बांधून खिशात घातला, आणि मोटारसायकल काढली.

दुसऱ्या तासाला फळ्यावर गणित लिहिता लिहिता ते खाली बसले. पोरांना वाटलं, खडू पडला असेल. जीपमधून त्यांना हिंगोलीला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. दवाखान्यातून त्यांचे कपडे एका पिशवीत मिळाले. शर्टाच्या खिशात ती पुडी होती. मी ती कुणाला न दाखवता मोरीत टाकली.

त्याच दिवशी धाकट्या दिरांनी विचारलं, "वहिनी, शाळेत लेखी कळवायचंय, कारण काय लिहू?"

"हृदयविकाराचा तीव्र झटका," मी म्हणाले. असंच लिहितात.

शाळेत त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकाने ब्लॉगवर फुलांच्या चौकटीत त्यांचा फोटो लावला. खाली वर्गातल्या एकूण एक मुलाने लिहिलं होतं: "गुरुजी, आपण सदैव आमच्या स्मरणात राहाल." तेच वाक्य, तोच स्वल्पविराम. शिक्षक भेटायला आले तेव्हा मी विचारलं, सगळ्यांचं एकसारखं कसं? ते बिचारे संकोचले. "पोरांना काय लिहावं कळून नाही राहिलं, मॅडम. मीच फळ्यावर लिहून दिलं. म्हणलं शुद्धलेखन तरी बराबर यावं."

जाताना ते दारात थांबले. "एका पोरीने तिकडून भलतंसलतं विचारलं होतं. ते मी काढून टाकलं. तुम्हाला तकलीफ नको. काय विचारावं याची अक्कल नसती एकेकाला."

"बरं केलं," मी म्हणाले. काय विचारलं होतं हेही विचारलं नाही.

महिन्याभराने बँकेच्या कामासाठी यांचा फोन उघडावा लागला. ब्लॉगवर कुणी काही लिहिलं की त्याची प्रत त्यांच्या मेलवर येत असे. ती काढली गेली नव्हती. कोपीतल्या त्याच मुलीने लिहिलं होतं:

"गुरुजीला काय झालं ते कुणीच लिहिलं न्हाई. सकाळी ते बरे होते का? डबा खाल्ला का? फळ्यावर काय लिहून राहिले होते?"

त्या महिन्यात घरात माणसांची रीघ होती. चांगला माणूस होता, देवाला आवडला, असं सांगून सगळे चहा पिऊन गेले. त्या दिवसाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारू दिलं नव्हतं.

फोनवर ब्लॉग यांच्याच नावाने उघडा होता. मी वर आधी लिहिलं, की मी गुरुजींची पत्नी लिहिते आहे, कुणी घाबरू नये. मग उत्तरं लिहिली. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज होती. दोन उदाहरणं पुरी, तिसरं अर्धं. हे मी त्यासाठी वर्गातल्या मुलांकडून मुद्दाम विचारून घेतलं. डबा उघडला नव्हता. त्यात ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी होती. डबा घरी आला तेव्हा मी तो रिकामा केला आणि घासला. एवढं लिहायला मला एक अख्खा रविवार लागला. शेवटी लिहिलं: "सकाळी ते बरे होते."

वाचून पाहिलं. चांगलं उतरलं होतं. शेवटचं वाक्य तर फारच स्वच्छ होतं.

आठ-दहा दिवसांनी तिचा प्रश्न आला.

"बाई, बरे होते तर खिशात ओवा काहून होता? पहिल्या तासाला त्यांनी पुडी सोडून खाल्ला आणि पुढच्या बाकावर पण दिला, असं माझ्या मैत्रिणीनं फोनवर सांगितलं."

दुसऱ्याच दिवशी शिक्षकांचा फोन. "मॅडम, ती पोरगी पुन्हा सुरू झाली. काढून टाकू?"

त्यांना वाटलं फोन कटला. "हॅलो, मॅडम? काढतो मग."

"राहू द्या," मी म्हणाले.

"लोकं वाचतेत, मॅडम."

"वाचू द्या."

तिला शिकवलं तेच ती करत होती. जो तिथं नव्हता त्याने विचारायचं, आणि लिहिणाऱ्याने पुन्हा लिहायचं. वर्षभर हे माझ्या घरात, माझ्या चहाच्या कपाशेजारी चाललं होतं आणि मी त्याला आळस म्हणत होते. माझ्या वाचनाने मला काय दिलं? खोटं वाक्य गोळीबंद कसं करावं, एवढं.

मी ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं: "सकाळी ते म्हणाले, छातीत कसंतरीच होतंय. मी म्हणाले, ओवा खा. ओवा मी दिला. मी पुस्तक वाचत होते. मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय दिसलं असतं, मला माहीत नाही." लिहून पाठवलं आणि फोन उशीखाली सरकवून दिला. तिने आता काही विचारू नये असं वाटत होतं. थोडी दया दाखवेल, लेकरूच आहे, असंही वाटत होतं. हात जोडल्याचं एखादं चित्र आलं असतं तरी मला चाललं असतं.

तिचं उत्तर एका ओळीचं आलं.

"बाई, कोणतं पुस्तक होतं?"

त्या महिन्यात वाचनालयातून घरी आणलेली पुस्तकं मी टेबलावर मांडली. ओट्याशी उभं राहून वाचलेलं, म्हणून तेलाचा किंवा चहाचा डाग सापडेल असं वाटलं. डाग बऱ्याच पुस्तकांना आहेत. एकेक उघडून ओट्याशी उभी राहिले, एक डोळा गॅसवर ठेवून पाहिलं. एकातली एकही ओळ त्या सकाळची वाटली नाही.

प्रश्न अजून तिथंच आहे. मला आठवत नाही, एवढंच मी खाली लिहिलं आहे.