पथ्य

आभाळ खाली उतरलं की कापूस रुसतो. त्या दिवशी पहाटेपासून झाकोळ होती, वारा पडला होता, आणि गादीवालीनं फळीवर पसरलेला कापूस काही केल्या फुगत नव्हता. ती काठीनं झोडपत होती आणि तो ओल्या पिठासारखा बसत होता.

"अगं, त्यानं काय तुझं घोडं मारलंय?" दारातून सासू हळूच म्हणाली आणि सवयीनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून बसली.

गादीवाली झोडपतच राहिली. आज तिला अकरा वाजता शाळेत जायचं होतं. तिची नऊ वर्षांची मुलगी तिसरीच्या वर्गातच राहणार, की मंद पोरांच्या वेगळ्या वर्गात जाणार, हे आज ठरायचं होतं. शाळेनं तपासणीसाठी बाहेरून एक बाई बोलावल्या होत्या.

या मुलीला गल्लीनं नाव ठेवलं होतं टकळी. चार वर्षांची असताना तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गल्लीत कुणी नुसतं शिंकलं, तरी कुणाच्या नाकात काय गेलं याची गोष्ट हिच्याकडे तयार. फळीखाली बसून, डोळे मिटून, नुसत्या चिमटीत धरून कापूस ओळखायची. हा नवा, हा जुन्या उशीतला, ह्यात सरकी राहिलीय. आजीशी तर तिची रोज जुंपायची. म्हातारी कोडं घालायची, "दिवसा वळकटी, रात्री मैदान, सांग कोण?" टकळी म्हणायची, "गादी! ह्यात काय एवढं? आता माझं. पोट फाडतात, भरतात, शिवतात, तरी ओरडत नाही, ती कोण?" म्हातारीला उत्तर माहीत असायचं, तरी ती हरायची.

शाळेची भाषा वेगळी होती, घरची वेगळी. पहिलीत टकळी गप्प बसून ऐकत राहिली. वर्षभर ऐकलं. वर्षाअखेर वर्गशिक्षिकेनं आईला बोलावलं आणि वह्या तपासता तपासता, मान वर न करता सांगितलं, "घरात शाळेचीच भाषा बोला. दोन भाषांचा गोंधळ होतोय तिच्या डोक्यात."

दुसऱ्या बायांनी हे ऐकलं असतं आणि सोडून दिलं असतं. गादीवाली तसली नव्हती. तिच्या हातची गादी दहा वर्षं गोळा होत नसे, कारण सांगितलेले टाके ती कधी चुकवत नसे. डॉक्टरनं सांगितलं तर पथ्य, मास्तरणीनं सांगितलं तर तेही पथ्यच. त्याच संध्याकाळी तिनं घरात नियम केला. घरची बोली तोंडातून निघाली की तोंडावर हात ठेवायचा आणि दहापर्यंत मोजायचं. सगळ्यांनी. लांबच्या गाडीवर असलेला नवरा महिन्यातून दोनदा यायचा, त्यानंही.

"मला तुमची ती भाषा येत नाही," सासू म्हणाली. "मी बोलू कशानं, ढुंगणानं?"

"पोरीच्या देखत बोलू नका म्हणजे झालं."

म्हातारी मग दाराबाहेर बसू लागली.

आता गादीवालीला तरी शाळेची भाषा कुठली येत होती? गिऱ्हाइकांच्या दारात उभी राहून जेवढी उचलली तेवढीच. किती फूट, कधी हवी, उद्या येते. त्यात तिनं पोरीपुरती भर घातली. ऊठ. हात धू. खा. लिही. झोप. त्या भाषेत तिला हुकूम सोडता यायचे, लाड करता यायचे नाहीत. थट्टा तर नाहीच. 'का' असं टकळीनं विचारलं, की आईकडे उत्तर असायचं पण शब्द नसायचे, म्हणून ती म्हणायची, "लिही."

सहा महिन्यांत टकळीची टकळी थांबली. गादीवालीला वाटलं, औषध लागू पडलं. शेजारणीला तिनं कौतुकानं सांगितलंसुद्धा, "पोर सुधारली हो. आता आवाज येत नाही तिचा."

अकरा वाजता ती पोरीला घेऊन शाळेत गेली, तर तपासणीच्या बाई चांगल्या निघाल्या. त्यांनी टकळीला लाकडी ठोकळे दिले आणि कागदावरची नक्षी जुळवायला सांगितली. पोरीनं बघता बघता जुळवली. दुसरी दिली, तीही. बाई हसल्या. गादीवालीचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी एक चित्र पुढे ठेवलं. खिडकीत मांजर, खाली फुटलेलं भांडं, दारात कंबरेवर हात ठेवून उभी एक बाई.

"इथं काय झालं असेल?"

"मांजर," टकळी म्हणाली.

"बरं. आणि?"

"बाई."

"आणि पुढे काय होईल?"

टकळी चित्राकडे बघत राहिली. ओठ हलले, पण बाहेर काही आलं नाही.

"घरच्या भाषेत सांगू दे," बाई म्हणाल्या. "तुम्ही विचारा तिला."

गादीवाली खुर्चीवरून उठून पोरीपाशी खाली बसली. दोन वर्षांत प्रथमच तिनं पोरीला घरच्या बोलीत हाक मारली. "अगं माझे बाय, त्या मेल्या मांजरानं काय उद्योग करून ठेवला, सांग की!"

टकळीनं दचकून दारात येऊन उभ्या राहिलेल्या त्याच वर्गशिक्षिकेकडे पाहिलं. मग आपला हात उचलून आईच्या तोंडावर घट्ट ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजू लागली. एक, दोन, तीन.

दहा होईपर्यंत खोलीत कुणी हललं नाही.

गादीवालीनं नियमाचं सांगितलं तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. वर्गशिक्षिका घाईनं म्हणाली, "मी आमची भाषा बोला म्हटलं होतं. बोलणं बंद करा नव्हतं म्हटलं!"

"घरची भाषा हाच पाया असतो," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "तिच्यावर दुसरी चढवायची. तुम्ही पायाच उकरलात."

"मला काय ठाऊक?" गादीवाली वर्गशिक्षिकेकडे वळली. "तुम्ही सांगितलंत तसं केलं."

बाईंनी पेन पुन्हा उचललं.

"डोकं आहे हो तिला," गादीवाली म्हणाली.

"आहे. ठोकळ्यांत दिसलं. पण वर्गात ठोकळे नसतात." बाईंनी कागद पुरा केला. "आजच्या कागदावर आलं ते आलं. सोमवारपासून वेगळा वर्ग. घरी बोलत जा तिच्याशी. पुष्कळ बोला."

"मग परत आणाल तिला इकडे?"

"तिथून परत आलेलं अजून तरी मी पाहिलं नाही," बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

घरी आल्यावर गादीवालीनं सासूला आत बोलावलं, पोरीला पुढ्यात घेतलं आणि वेणी सोडली. तेल लावता लावता बोलायला सुरुवात केली. स्वतः लहानपणी ती पाय घसरून विहिरीत पडली होती, बहिणीनं केस धरून वर ओढलं होतं, आणि आईनं दोघींनाही बडवलं होतं. "वाचले ते वाचले, वर मारही खाल्ला," ती म्हणाली. म्हातारी खुदकन हसली. गादीवालीनं थांबून पोरीचं तोंड बघितलं.

टकळी शहाण्या मुलीसारखी ताठ बसून ऐकत होती. मोठी माणसं एवढं लांब कशासाठी बोलतात, ते तिला शाळेमुळे ठाऊक होतं. तिनं दप्तर जवळ ओढलं, वही काढली, पेन्सिल हातात घेतली आणि शाळेच्या भाषेत विचारलं, "आई, पुन्हा सांग. कुठून लिहायचं?"

म्हातारीनं तोंड भिंतीकडे केलं.

"नको लिहू," गादीवाली म्हणाली. पुढे काय म्हणायचं ते तिला दोन्ही भाषांत सुचलं नाही. टकळी वही उघडी ठेवून वाट बघत राहिली.

बाहेर बायकांचा गलका झाला, नळाला पाणी आलं होतं. गादीवालीनं पोरीची वेणी घाईनं घातली, हाताचं तेल पदराला पुसलं आणि बादल्या घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली.