बांध न पडलेलं घर

रेनो कांगसने एकतीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ लोटायची सरकारी गाडी चालवली. नोव्हेंबरातला पहिला बर्फ म्हणजे लोकांना मौज आणि त्याला अंधारातली हजेरी. म्हणून त्याने आणि त्याच्या बायकोने, व्हिएनोने, निवृत्तीनंतरच्या पहिल्या बर्फाचे बेत आधीच करून ठेवले होते. पायी गावात जायचं, बेकरीत वेलदोड्याचा गोड पाव खायचा, मग सरोवरापर्यंत रमतगमत चक्कर. कुठे म्हणून घाई करायची नाही. रेनो जूनमध्ये निवृत्त झाला. व्हिएनो ऑगस्टमध्ये गेली. बेत तेवढे राहिले.

तरी परवा सकाळी अंगणभर पांढरं दिसलं तेव्हा गडी खूश झाला, खोटं कशाला बोला. बायको नसताना खूश झालो म्हणून त्याला जरा लाजल्यासारखंही झालं. मग कोट चढवून, फावडं घेऊन तो दाराबाहेर आला.

गाडी रस्ता साफ करत जाते तेव्हा लोटलेला बर्फ कडेला सरकतो आणि प्रत्येक घराच्या वाटेच्या तोंडाशी गुडघाभर बांध पडतो. त्या बांधापायी सगळं गाव गाडीवाल्याच्या नावाने खडे फोडतं. त्या सकाळी डावीकडच्या शेजाऱ्याच्या दाराशी बांध होता, उजवीकडच्याही होता. रेनोच्या दाराशी मात्र वाटेपुरती जागा अशी सपाट, जणू कुणी झाडून गेलंय.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, नशीब फळफळलं. रेनोने मात्र खूण ओळखली. ही रीत गाडीवाल्यांची, कुठे लिहिलेली नाही. ज्या घरात एकटं म्हातारं माणूस उरलंय, त्या घरासमोर गाडीचं बर्फ लोटणारं पातं थोडं उचलायचं, म्हणजे बांध पडत नाही. अशी अकरा घरं त्याला तोंडपाठ होती. आता गाडी ट्रिना चालवते, त्यानेच शिकवलेली पोरगी. तिच्या लेखी घरं बारा झाली होती.

तो तसाच पायी बेकरीत गेला. तिथे गुरुवारी कॉफीला जमणाऱ्या मंडळींनी त्याच्या दारी बांध नसल्याचं ऐकून त्याची यथेच्छ फिरकी घेतली. साहेबांची ऐट बघा म्हणाले, आता फावडं विकून टाक. तोही हसला. शेगडीजवळ लेंपी हाउताला बसली होती. नव्वदीची, पोस्टामागे एकटी राहणारी. ती काही हसली नाही. बाकीचे उठून गेल्यावर तिने त्याला खुर्ची दाखवली.

"माझ्या दाराशी तू पातं उचलायला लागलास त्याला सोळा वर्षं झाली," ती म्हणाली. "नवरा जाऊन महिनाच झाला होता."

"तुम्हाला त्रास नको म्हणून, लेंपी."

"त्रास व्हायचाच. कंबर मोडायची. पण फावडं घेऊन उभी दिसले की लोक गाडी थांबवायचे, काच खाली करून दोन शब्द बोलायचे. तू बांध बंद केलास आणि रस्त्याशी मला कामच उरलं नाही. काम नसताना म्हातारी रस्त्यात उभी राहिली, तर लोक डॉक्टरला फोन करतात, बाबा."

"मग सांगायचं नाही का मला?"

"काय सांगू? माझ्या दारात बर्फ टाक म्हणून?"

आजवर पुण्य म्हणून केलेलं काम रेनोला आता उलटंपालटं करून बघावं लागत होतं. सरोवराची चक्कर त्याने टाळली. बेकरीच्या दारात ट्रिना भेटली तेव्हा त्याने हळूच विषय काढला.

"माझ्या दाराशी पातं उचलू नकोस."

"तुम्हीच तर शिकवलंत, रेनो."

"शिकवलं. चुकलं माझं. माझ्या दारी बांध पडू दे."

ट्रिना खाली बघत बरं म्हणाली.

आज पुन्हा बर्फ पडला. रेनो पडद्याआड उभा होता. गाडी आली, शेजाऱ्याच्या दारी बांध टाकून पुढे सरकली, आणि त्याच्या वाटेशी येताच पातं उचललं गेलं. त्याला पोरीचा राग आला नाही. एकट्या माणसाचं घर आलं की हात आपोआप पातं उचलायच्या दांड्याकडे जातो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक!

त्याने कोट चढवला. अंगणातला बर्फ फावड्याने उचलून वाटेच्या तोंडाशी आणून टाकला. चांगल्या पंधरा-वीस खेपा केल्या, गुडघाभर बांध घातला. मग रस्त्याच्या बाजूला जाऊन तोच बांध हळूहळू उपसू लागला. एक गाडी आली तसा तो कंबरेवर हात ठेवून सरळ उभा राहिला. गाडीवाल्याने भोंगा वाजवून हात केला आणि तो निघून गेला.

रेनोने घड्याळ बघितलं. लोक दहाला कॉफीसाठी बाहेर पडतात. अर्धा बांध त्याने तेव्हासाठी ठेवला.